उतारमामा

उतारमामा ड्रॉइंग कधी टेबलावर वाचत नसत. जमिनीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवायचे आणि गुडघ्यावर बसून बोट फिरवायचे. बोट थांबलं की तिथे पाणी तुंबणार, हे आम्ही समजून चालायचो. सातवी शिकलेला, तलासरीजवळच्या पाड्यावरचा हा गवंडी. आणि मी डिप्लोमा झालेला साइट इंजिनियर. पण मोठे साहेब आले की नवा कागद माझ्या हातात न देता आधी विचारायचे, "मामा कुठायत?"

ते दोन शब्द मला खडीसारखे टोचायचे.

मामांचं एकच सांगणं असे, "बाण बघायचा, पन मानायचा आकडा." बाण पाणी कुठे जाणार ते दाखवतो, किती खाली जाणार ते आकडाच सांगतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांना ते कुणी शिकवलं, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

२०१६ साली तलासरीत एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं काम निघालं. त्याचं ड्रॉइंग मी कपाटात कुलपात ठेवलं. मामांनी एकदा मागितलं, तर म्हणालो, "मामा, इंजिनियर मी आहे ना?" ते "व्हय सायेब" म्हणून निघून गेले.

चारही भिंतींपाशी शून्य आणि मोरीच्या जाळीपाशी वजा चाळीस मिलिमीटर, असे आकडे होते. मोरी मधोमध नव्हती; एक भिंत चार मीटरवर, तर दाराची भिंत जेमतेम मीटरभर. मी मात्र भिंतींपाशचे शून्य सोडून, बाणाशेजारी लिहिलेला शंभरास एक हाच उतार मोरीपासून सगळीकडे धरला आणि तशा खुणा करून दिल्या.

काँक्रीट ओतायच्या सकाळी मामांनी मला सिमेंटच्या शेडमागे बोलावलं.

"सायेब, मी दोरी लावून बघली. दाराकडची बाजू तीस मिली खाली जाते. पावसात व्हरांड्याचं पानी आत येल. चुलीपर्यंत."

ते हळूच म्हणाले, "गड्यांना तुमीच सांगा. मी काय बोललो नाय."

मी सांगितलं. खुणा बदलल्या. दुपारी साहेबांनी माझी पाठ थोपटली, "वेळेवर पकडलंस." मामा तिथेच थापी धूत उभे होते. मी ती शाबासकी ठेवून घेतली. त्या दिवशी त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटला तो आणखी हेवाच. या माणसाला शाबासकीचीही गरज नव्हती!

पुढे साखरेच्या आजारानं मामांची नजर गेली. आधी बारीक आकडे दिसेनासे झाले, मग कागदच. काम सोडून ते समुद्रकाठच्या वरोरला लेकीकडे राहायला गेले.

२०१९ मध्ये भेटायला गेलो. अंगणात बोंबील वाळत होते. मामा खाटेवर बसून होते. आवाजावरून ओळखलं, लेकीला चहा ठेवायला सांगितलं. मी तलासरीचा विषय काढणार, तोच त्यांनी विचारलं, "सायेब, आता साइटवर कागद कोन वाचतं?"

"मीच वाचतो, मामा."

मामा खाटेच्या काथ्यावर बोट फिरवत म्हणाले, "खरं सांगू? मला तुमचा जाम हेवा वाटतो."

मला इतक्या वर्षांत जे तोंडातून काढता आलं नव्हतं, ते मामा सहज बोलून गेले. आणि चहा आला तसे हसून म्हणाले, "घ्या, गरम हाय."