एकवीस गेअरची सायकल

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घाला.

सुप्याच्या कारखान्यात मी पॅकिंगला जाते. गेटच्या अलीकडे लांब चढ आहे. मी साधी सायकल ढकलत न्यायची आणि बरोबरची एक बाई गेअरच्या सायकलवर बसूनच चढून जायची. एकदा तिने मला तिची चालवायला दिली. तशीच घ्यायचं ठरवलं. थोरले दीर टेम्पो घेऊन नगरला निघाले होते. साठवलेले पंधरा हजार मी सासूबाईंच्या हातून त्यांना दिले, कारण थोरल्या दिराशी आमच्यात सुना बोलत नाहीत.

सायकल आली. कंपनी तीच.

"तिच्या मैत्रिणीच्या गाडीला आठ गेअर, हिला एकवीस हायेत," दीर सासूबाईंना म्हणाले. "सांगा तिला, पैशाच्या वर माल आणलाय."

मी हरखले. एकवीस म्हणजे आठापेक्षा चांगलेच, असं मला वाटलं.

थोड्याच दिवसांत ऐन चढावर चेन उतरायला लागली. काळे हात घेऊन मी गेटवर उशिरा पोचायचे. ठेकेदाराने बजावलं, "मावशी, पुन्हा उशीर झाला तर दुसरी बाई बघतो."

मिस्त्रीकडे नेली. चाकाजवळचा, चेन सरकवणारा भाग त्याने बोटाने हलवला. पडायला आलेल्या दातासारखा तो हलला.

"ताई, कंपनी एकच असती, पण तिच्या मालात पाच-सहा दर्जे. ह्यो सगळ्यात खालचा, दाबलेला पत्रा. पोरांनी गल्लीत खेळायला. मैत्रिणीचा मधला हाय, ॲल्युमिनियमचा. तो असा ढिला पडत न्हाई."

"पण हिला एकवीस गेअर आहेत."

"आकडा काय बघता? एकवीस फुटके हंडे असले तर पाणी कशात भरताल? केवढ्याला घेतली?"

"पंधरा हजार."

"नऊ हजाराला येती ही."

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. आमच्या मालकांना सांगितलं तर म्हणाले, मोठ्या भावाला कसं विचारायचं. मग मीच दाराआड उभी राहिले. दीर ओट्यावर चहा पीत होते, सासूबाई मध्ये उंबऱ्यात बसल्या होत्या.

"आत्याबाई, त्यांना विचारा, पावती कुठंय?"

"तिला म्हणावं, हरवली."

"मग उद्या खाडा करून मी दुकानात जाते. भाव विचारते आन् भावकीत सांगते."

"बाईमाणसाला गेअरमधलं काय कळतंय, म्हणावं."

"बाईमाणसाला पत्रा कळतो, म्हणावं."

"मला पोस्टमन केलं व्हय दोघांनी?" सासूबाई वैतागल्या. आत जाऊबाई हसल्या.

दिरांचा आवाज उतरला. "टेम्पोचं भाडं झालं, डिझेल झालं..."

"टेम्पो घरचा. सहा हजार भाडं कुठल्या गावाला जायचं असतं, विचारा."

ते उठून गोठ्याकडे गेले. माझा तो राग हे लिहितानाही गेलेला नाही. माझी रोजी जात होती आणि हा माणूस माझ्याच पैशांचा चहा पीत होता.

आठवड्याने दोन हजार आले, सासूबाईंच्याच हातून. त्यातून मिस्त्रीने मधल्या दर्जाचा गेअर बसवला. तेव्हापासून चेन उतरली नाही, गेटवर उशीर झाला नाही. पुढचे पैसे मात्र मागून मागून, पाचशे-हजार करत निघाले. दर वेळी मी दाराआडून विचारलं, आणि दर वेळी जरा मोठ्याने.

काल शेवटचे पाचशे आले. सहा हजार पूर्ण फिटले.