मायनं न घेतलेलं नाव

डॉक्टरांनी मायच्या हातात पेन्सिल दिली आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मायनं जन्मात पेन्सिल धरली नव्हती. तिनं ती पदराच्या गाठीत बांधायला घेतली. शेजारी उभे असलेले दोन शिकाऊ डॉक्टर हसले.

मग आजची तारीख. पंतप्रधान कोण. शंभरातून सात वजा. माय दर वेळी माझ्याकडं बघायची.

"नवऱ्याचं नाव काय?"

मायनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.

हे चेन्नईत, मैलापुरात. मी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून, तसाच मायला घेऊन आलो होतो. डॉक्टर तंजावरकडचे, पिढ्यान् पिढ्या घरात मराठी. मुद्दाम म्हणून इथं आलो. आपला माणूस भेटेल असं वाटलं होतं. त्यांनी आडनाव विचारलं. गाव विचारलं, मायचं काम विचारलं. गावात कुठल्या बाजूला राहता, तेही विचारलं. मग खुर्ची जरा मागं घेतली.

आता ते त्या पोरांकडं वळून म्हणाले, "ऊसतोडीची बाई. हिला विसरायास होतं काय?"

मी फार थकलो होतो. असलं ऐकायची सवयही होती. शाळेत, वसतिगृहात, कारखान्यात. मी उठलोसुद्धा. माय हळूच म्हणाली, "चल लेकरा. सायबाचा येळ नको घेऊ."

तिच्या त्या बोलण्यानं मला माझीच शिसारी आली. मी परत बसलो.

"माय नाव विसरली नाही. तिनं ते घेतलं नाही. उभ्या जन्मात कधी घेतलं नाही. आता घरी घेते. माझ्या मेलेल्या बापाला नावानं हाका मारत जिना उतरते, रस्त्यावर जाते. तिथं तिची भाषा कुणाला कळत नाही. हा तिचा आजार आहे. तो तपासा."

डॉक्टर म्हणाला, बाहेर पेशंट खोळंबलेत. मी म्हटलं, खोळंबू देत. शेवटी त्यानं मायकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि नव्यानं विचारायला सुरुवात केली.

या आजारातून माय परत येणार नाही, हे मला कळतं. एक दिवस ती मलाही विसरेल. ते मी सोसेन. पण तिच्याकडं गमवायला काही नव्हतंच, असं म्हणणाऱ्यासमोरून मी उठून जाणार नाही. पुन्हा कधीच नाही.