यंत्र तारीख विचारायचं तेव्हा

आचऱ्याच्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्यामुळे. मालवणात मी ज्या ऑफिसात होते तिथे नवीन यंत्र घेतलं आणि जुनं मी घरी आणलं. वापरायचे मात्र बाबाच. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या लोकांचे अर्ज इंग्रजीत टाइप करून देत. यंत्रात घड्याळ नव्हतं. चालू केलं की आधी ते आजची तारीख विचारी. लाइट जाऊन आली की पुन्हा विचारी.

त्याच्या काही वर्षं आधी माझा धाकटा भाऊ रेडी बंदरात खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला गेला होता. दसरा झाल्यावर गेला, आणि थोड्याच दिवसांत समुद्रात पडला. सापडला नाही. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

एका सकाळी चहा द्यायला गेले तर बाबांनी घातलेली तारीख दिसली. दसऱ्याची होती, पण भाऊ गेला त्या वर्षाची.

"बाबा, तारीख चुकली."

"चुकाक नाय. त्या दिसाक तो घरात होतो."

यंत्राने ती तारीख मुकाट्याने घेतली. अर्जावर मात्र बाबांनी आजचीच तारीख टाकली. मग रोज तसंच होऊ लागलं.

पुढे ऑफिसात नवी सिस्टीम आली. तिथली कामं घरच्या यंत्रावर उघडेनात. यंत्र दुरुस्त करणाऱ्याने मला नव्या सिस्टीमच्या फ्लॉप्या दिल्या, आणि आत बसवायचं बॅटरीवरचं घड्याळही. आई नारळ खवत होती, तिला सांगितलं.

"नवीन घातलंस तर ता तारीख विचारतला?"

"नाही. त्याला आपोआप कळेल."

तिने हातातली वाटी खवून संपवली. "मगे ऱ्हवांदे."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. फ्लॉप्या कपाटात गेल्या.

चतुर्थी उलटली आणि बाबांची तारीख हलली. दसऱ्याचा दुसरा दिवस. मग भाऊ एस.टी.त बसला तो दिवस. मग रेडीचे दिवस, रोज एक. मला सकाळची भीती वाटू लागली. बस चुकली तरी चालेल, पण ते काय टाइप करतात ते बघितल्याशिवाय मला निघवत नसे. थांबवावं असं वाटे, पण काय म्हणून थांबवणार?

भाऊ पडला त्याच्या आदल्या दिवसाची तारीख घालून बाबा नुसतेच बसून राहिले. अर्ज बाजूला तसाच होता. शेवटी त्यांनी यंत्र बंद केलं.

"घाल तुजा ता नवीन."

"नक्की?"

"फुडच्या दिसाक माका जावक जमाचा नाय."

रविवारी मी घड्याळ बसवलं, एकेक फ्लॉपी घातली. बाबा शेजारी बसून होते. यंत्र चालू झालं आणि काहीही न विचारता पुढे गेलं. दारातून आईने विचारलं, "झाला?"

"झालं."

दुसऱ्या दिवशी बाबांनी शेजाऱ्याचा विजेच्या मीटरचा अर्ज टाइप केला. ऑफिसची कामंही आता घरी उघडू लागली. सगळं सुरळीत होतं.

त्याच आठवड्यात मी ऑफिसातून परतले तेव्हा ओटीवर आई-बाबा बोलत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भावाविषयी.

"पाण्यात भियाचा कारण नाय," बाबा म्हणत होते. "तो बरो पेवता."

"होय," आई म्हणाली. "बरो पेवता."

मी पायरीवरच थांबले. चांगला पोहतो, असं म्हणत होती दोघं; पोहायचा, असं नव्हे. आत जायचा धीर होईना.