बैलाला दिलेल्या गोळ्या

आमचा बैल मेला त्या सकाळी बाबांनी मला विचारलं, "तुझ्या त्या पाखरांना द्यायचा म्हनतीस ना?" मी हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की अजून त्याची लाज वाटते.

बाबांना तो शेताच्या बांधावर पुरायचा होता. आमच्याकडे राबलेल्या बैलाला तसंच पुरतात. खड्ड्यात मीठ टाकतात, अंगावर हळदकुंकू घालतात, नारळ ठेवतात. त्याचा जोडीदार तिथेच आहे. पण गेलं वर्षभर मी घरात एकच विषय लावून धरला होता. खाडीकडे उतरणाऱ्या आमच्या डोंगरात बेहड्याच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात. पूर्वी मेलेलं जनावर गाव डोंगरातल्या ठरलेल्या माळावर टाकायचं आणि ही पाखरं दुपारपर्यंत हाडं मोकळी करायची. आता नांगरणी यंत्रानं होते, गोठे रिकामे झाले, आणि गिधाडांना खायला उरलं नाही. शिवाय जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध दिलं जायचं. ते मांसात राहतं, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची किडनी निकामी होते. जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. तरी कुठे कुठे ते वापरलं जातं.

हे सगळं मला कॉलेजात कळलं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी सांगेन ते खरं, अशी घराला सवय लागली होती. प्राणिशास्त्राच्या प्रदर्शनासाठी मी या औषधाचं पोस्टर केलं, ते आधी आईबाबांना दाखवलं. त्यावर इंजेक्शनचं चित्र होतं आणि त्याच्यावर लाल फुली. "ही सुई जनावराला द्यायची नाही," मी समजावलं. बाबांनी मान डोलावली.

बैलाचा गुडघा सुजला तेव्हा सरकारी डॉक्टर येऊन बघून गेले. म्हातारा झालाय, आता फार आशा नाही, म्हणाले. नंतर गावोगाव फिरून सुया टोचणारा एकजण दारात आला. बाबांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "आमच्या पोरीनं सुई नको म्हनून सांगितलंय." मला केवढा अभिमान वाटला होता.

तर त्या सकाळी शेजारच्या काकांचा टेम्पो आणला. बैल चढवताना काका म्हणाले, "पोरीच्या शिक्षनापायी बैलाला गिधाडांच्या पंगतीला नेतोस व्हय?"

"जनमभर दिलं त्यानं," बाबा म्हणाले. "मेल्यावर पन देऊ दे."

माळावर बैल उतरवून आम्ही घरी आलो. मी कॉलेजला निघाले तर आईनं गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात दिलं. "बाबांच्या कमरेच्या गोळ्या संपल्या. येताना घेऊन ये." दर महिन्याला मीच आणायचे. दुकानदाराला पाकीट दाखवायचं, तो तशाच गोळ्या द्यायचा. तोवर त्यावरचं बारीक नाव मी कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी का वाचलं ते सांगता येत नाही. बहुधा गोळ्या एवढ्या लवकर कशा संपल्या म्हणून.

डायक्लोफेनॅक.

"बाबा, या सगळ्या तुम्ही घेतल्या?"

"मी न्हाय घेतल्या. त्याला दिल्या, गुळात घालून. कन्हत होता गं रातभर."

"किती?"

"दोन दिस, चार-चार. मानसाला एक लागते, तर त्याला चार तरी नको?"

"पण मी सांगितलं होतं ना तुम्हाला..."

"तू सुई सांगितलीस, बाय," बाबा हळूच म्हणाले. "सुई न्हाय दिली मी."

जे सांगितलं ते त्यांनी पाळलं होतं. अर्धवट मी सांगितलं होतं.

मी वनरक्षकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "पाखरं उतरली का?"

"माहीत नाही."

"मग फोन ठेवा आणि आधी तिथं पोचा. ऊन तापलं की ती येणारच. मी माणसं घेऊन निघतो."

आम्ही दोघं धावतच चढ चढलो. बाबांची कमर धरली होती, तरी ते माझ्या पुढे होते. बैलावर कावळे होते. गिधाडं अजून बेहड्यावर बसून होती. जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. एक खाली उतरलं, मग दुसरं, मग चार-पाच एकदम. पंखांचा आवाज मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला. इतके दिवस त्यांना दुर्बिणीतून बघून वहीत लिहिलं होतं. बैलापासून दहा-बारा पावलांवर ती माना पुढे काढून उभी राहिली. माना बारीक, उघड्या. त्यांतल्या एका जोडीच्या घरट्यात पिल्लू होतं. वर्षाला एकच अंडं घालतात ती. ती मेली तर पिल्लूही जाणार.

बाबा डोक्याचा टॉवेल काढून फिरवत होते. मी ओढणी. पाखरं दोन पावलं मागे सरायची आणि परत पुढे यायची. भुकेलेल्याला ताटावरून उठवताना माणसाला जसं वाटतं तसं बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "जा रे बाबांनो," ते म्हणत होते. "आज न्हाय. आज नका खाऊ."

किती वेळ गेला कळलं नाही. वनरक्षक तीन माणसं घेऊन आले, मागून काकांचा टेम्पो आला. इथेच पुरायचा का, यावर थोडं बोलणं झालं, पण माळाखाली कातळच आहे. खड्डा खोल झाला नाही तर कुत्री उकरतील. बाबा म्हणाले, "बांधावर नेऊ."

"पंगत उठवलीस म्हनायची," काका म्हणाले, आणि दोर त्यांनीच आधी हातात घेतला.

बांधावर पुरुषभर खोल खणलं. हळदकुंकू आईनं आणलं. बाबांना हवं होतं तसं सगळं झालं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे. माती ओढून झाल्यावर ते बांधावर बसले. डोंगरावर पाखरं अजून फिरत होती.

"उपाशीच गेली ना गं?"

"हो."

"एकानं पन तोंड न्हाय लावलं? नीट बघितलंस?"

"नाही लावलं. मी बघत होते."

"मग उपाशी बरी," बाबा म्हणाले.

मी मान हलवली. पिल्लाला त्या दिवशी काय मिळालं असेल, हे मला माहीत नव्हतं. पण ते त्यांना सांगायला माझा जीव धजला नाही.