कमलेशचा आराम

पवनीच्या जिमचे कैलाश सर माणसांशी फारसे बोलत नसत. म्हणून त्यांनी बाजूला घेऊन "एक हप्ता इकडे दिसू नको" म्हटले, तेव्हा कमलेशला धडकीच भरली.

कमलेश आसगावचा. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आलेली आणि वयात बसण्याची ही त्याची शेवटची भरती. धावण्याची वेळ मात्र कमी व्हायची ती वाढतच चाललेली. वेळ वाढली की तो व्यायाम वाढवी. झोप उडाली, घास उतरेना, सकाळी अंथरुणातच छाती धडधडे. या सगळ्यावर त्याच्याकडे एकच औषध होते: अजून थोडे.

"अबे, शरीर आरामात बनते," सर म्हणाले. "तू त्याले बसूच देऊन नाही राहिला."

कमलेशने इमानदारीने आराम केला. जिम बंद, धावणे बंद. घरी रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू होता, तेव्हा रिकामा माणूस म्हणून तो हप्ताभर धानाच्या रोपांच्या ओल्या पेंढ्या डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून बांदीबांदीत, एकेका खाचरात, पोचवत राहिला. आसगावात याला व्यायाम म्हणत नाहीत.

मग तो धावला. अर्ध्यावरच पाय शिशाचे झाले आणि तो मैदानात बसून रडला.

"काय केलं हप्ताभर?" सरांनी विचारले.

"काहीच नाही, सर. घरीच होतो."

सरांनी त्याचे बूट काढायला लावले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या.

"रोवणा होता न, सर."

"आन् म्हणते काहीच नाही! आता खाटेवरून उठला त भरती इसर."

बापाला, धनीरामला, हे सांगणे धावण्यापेक्षा अवघड होते.

"थकू नये म्हणून झोपतेस?" धनीराम म्हणाला. "तुही माय कमरेतून वाकून राहिली, ते कायले?"

"बाबा, एवढाच हप्ता."

"झोप बाप्पा. साहेब व्हाच्या आंधीच साहेब झाला."

दुसऱ्या दिवशी शेजारचा सुखराम उघड्या दारातून त्याला खाटेवर पाहून रस्त्यावरूनच ओरडला, "काहून गा नवरदेव, हळद लागली का?"

कमलेश उठून बसला. पाय खाली टेकले. त्याच्या आईने, निर्मलाबाईने, त्याच्याकडे पाहिले. शेतावर निघताना तिने दार बाहेरून ओढून कडी घातली, पोरगा दिवसाढवळ्या झोपलेला लोकांना दिसू नये म्हणून.