सोलनच्या पुढची मऊ माती

दार घासतं म्हणून दर पावसाळ्यानंतर दारच तासायचं? वर डोंगरात हॉटेलात कामाला असलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा माझा मुलगा सागर फोनवर म्हणतो, "आई, लाकूड फुगतं गं." आणि भिंतीला भेग पडली, ती काय, भिंतपण लाकडाची आहे?

म्हणून शनिवारी निघालेच. सोबत आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू रेवती, ती विद्यापीठात मातीचा अभ्यास करते. तुम्हाला जायचं असेल तर आमच्या शहरातल्या सेक्टर ४३ च्या स्टँडवरून सोलनची बस धरा, माणशी दोनशेच्या आत. सकाळी उजवीकडे बसू नका, ऊन भाजतं. धरमपूरला कढी-चावल चांगले, चहा नुसतं पाणी. रस्ता रुंद केलाय, पण डोंगर असा उभा कापलाय की वर बघवत नाही.

सोलनच्या पुढे टॅक्सी केली. सागरची खोली डोंगराला पाठ लावून. सून पूजा, सातवा महिना, तोंडाला माती फासून बसलेली.

"आई, मुलतानीपेक्षा मऊ आहे! मागच्या डोंगराच्या भेगेतून काढते. तुम्हाला देऊ बांधून?"

रेवती तडक मागे गेली. वर खडेवाली भरड माती, खाली ही करडी, ओली पट्टी. तिने ढेकूळ फोडलं. आतून सारवल्यासारखं गुळगुळीत, चकचकीत, आणि त्यावर बारीक ओरखडे, सगळे उताराकडे.

"काकू, ही माती पाणी पिऊन फुगते, निसरडी होते. नुसत्या फुगण्यानेही चकाकी येते. पण इथे ओरखडे एकाच दिशेला आहेत, खडेपण ओढले गेलेत. वरचा थर हिच्यावरून सरकला असावा."

"असावा म्हणजे? सरकला का नाही?"

"सरकलाय. पुन्हा कधी, ते मातीवरून सांगता येत नाही."

एवढं शिकून हे! मग हळूच म्हणाली, "मी इथे झोपले नसते." मला तेवढं बास झालं.

घरमालक हसत म्हणाला, "माताजी, पहाड़ है, थोड़ा तो हिलेगा."

"तो आप सो जाइए इस कमरे में!" तो स्वतः राहतो रस्त्यापलीकडे.

सागरचं एकच पालुपद, "हॉटेल जवळ पडतं, सीझन संपू दे." पूजाच्या गालावरची माती तोवर वाळून तडकली होती.

घरी येऊन दोन दिवस झाले, तो गाल डोळ्यांपुढून जात नाही. पहाड सुंदर आहेत, जरूर जा. पण खोली घेताना समोरचा देखावा बघून भुलू नका, मागे जाऊन माती बघा.

आणि सागर, माझा फोन उचलत नाहीस, पण हे वाचतोस, मला पक्कं माहीत आहे. पूजाला घेऊन तू खाली येतोस, का गाडी करून मी वर येऊ? बुधवारपर्यंत सांग. 'बघू' म्हणालास तर मी निघाले समज.