पाऊस कमी असेल तेव्हा

भवानी पेठेत टॉवेलांच्या कडा शिवून बजाबाईंनी मुलाला, दिपकला वेल्डर केलं. तो सिंगापूरला गेला आणि दीड वर्षातच बांधकामाच्या परांचीवरून पडून मेला. घरी बंद पेटी आली. ती उघडू दिली नाही कुणी.

कंपनीनं दिलेल्या भरपाईला बजाबाईंनी दोन वर्षं हात लावला नाही. मग बहिणीच्या मुलीला, अंकिताला घेऊन त्या सिंगापूरला जायचं म्हणून ट्रॅव्हल एजंटाकडे गेल्या.

"मार्चमध्ये जा काकू," तो म्हणाला. "सिझन उतरलेला असतो. बागा, समुद्र, सगळं निवांत बघता येईल."

"गर्दीचं काय न्हाय. पाऊस कवा कमी असतो ते सांगा. पावसातच पाय घसरला माज्या दिपकचा."

एजंटानं हातातलं रंगीत पत्रक खाली ठेवलं. "पाऊसही मार्चमध्ये कमीच," तो म्हणाला.

अंकितानं दिपकच्या तिथल्या मित्राला फोन लावला. दिपक पडला ती इमारत पूर्ण झाली होती, माणसं राहायला आली होती. वॉचमन आत सोडणार नाही, असं तो म्हणाला.

"रस्त्यावरनं बघीन की," बजाबाई म्हणाल्या.

मार्चमध्ये दोघी गेल्या. फाटकासमोर बजाबाई मान वर करून तासभर उभ्या राहिल्या. वरच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

"एवढ्या वर चढवत व्हते व्हय गं त्याला?"